उभ्या टिप्परचा हिशोब

मंडळी, या शनिवारी मी एका अशा सॉफ्टवेअरबद्दल लिहिणार आहे जे मी लिहिलेलं नाही आणि देवाच्या कृपेने कधी लिहावंही लागू नये. ते डिझेल ट्रकच्या पोटात बसलेलं असतं, आणि गाडी आज किती जोर लावणार हे ड्रायव्हर नाही, ते ठरवतं. विषय गावाकडचा आहे. गाव म्हणजे बिरसी, जिल्हा गोंदिया. त्यामुळे कुठे भाषा तापलेली वाटली तर चालवून घ्या.

बिरसी म्हटलं की लोकांना फक्त विमानतळ आठवतो. (तोही ज्यांना काहीतरी आठवतं त्यांना. पुण्यात निम्म्या लोकांना गोंदिया छत्तीसगडात वाटतं!) दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी. ती २००५ च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाकडे आली, मग वैमानिक प्रशिक्षण सुरू झालं, मग २०२२ मध्ये प्रवासी विमान उतरलं. पेपरात फोटो आले ते हार घातलेल्या पुढाऱ्यांचे. त्या धावपट्टीखाली, जोडरस्त्यांखाली आणि आजूबाजूच्या प्रत्येक बांधकामाखाली जो मुरूम आणि जी गिट्टी गेली, ती वाहून नेणाऱ्यांचा फोटो कुठेच नव्हता. आमच्याकडे हे काम कोण करतं? एक टिप्पर, दोन टिप्पर, फार तर तीन टिप्परवाला माणूस. घरची दोन-चार एकर धानाची शेती, एक गाडी कर्जावर, ड्रायव्हर गावातलाच, आणि ड्रायव्हर आला नाही तर स्वतः स्टिअरिंगवर.

तर मुद्दा असा, की धुराचे नियम या माणसाला गिळत चालले आहेत. आणि नियम चुकीचे आहेत म्हणून नाही हं! नियम बरोबर आहेत. म्हणूनच मला जास्त राग येतो.

आधी हे नीट सांगतो, नाहीतर उद्या कुणी म्हणेल की हा प्रदूषणाची वकिली करतोय. डिझेलचा धूर माणसाला कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली स्पष्ट सांगितलं आहे, पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत. आपल्याकडे माशेलकर समितीने २००२ मध्ये वाहनांच्या इंधनाचा आणि धुराचा आराखडा आखून दिला, आणि तो खरंच विचारपूर्वक आखलेला होता. बीएस-३ च्या जड इंजिनाला एका किलोवॅट-तासामागे ५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती. बीएस-४ ला साडेतीन. बीएस-६ ला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी! काजळी ०.१ ग्रॅमवरून ०.०१ वर. डिझेलमधलं गंधक ३५० वरून ५० आणि ५० वरून १० पीपीएम. ही थट्टा नाही, हे मोठं काम झालंय.

पण झालं कसं ते बघा. बीएस-४ आधी २०१० मध्ये तेरा शहरांत आलं. गोंदियाला ते डिझेलच मिळत नव्हतं, त्यामुळे आमच्याकडे २०१७ पर्यंत बीएस-३ चे ट्रक कायदेशीरपणे विकले गेले, लोकांनी कर्ज काढून घेतले. जानेवारी २०१६ मध्ये ठरलं की बीएस-५ गाळायचं आणि थेट सहावर उडी मारायची. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ विक्री बंद. मध्ये दोन दिवस! देशभर सव्वाआठ लाख गाड्या शिल्लक होत्या. मग तीन वर्षांनी, १ एप्रिल २०२०, बीएस-६. लॉकडाऊन चालू असताना. म्हणजे ज्या जिल्ह्याने सात वर्षं वाट पाहिली त्याला तीन वर्षांत दोन पिढ्या बदलायला लावल्या. युरोपने जड गाड्यांना सहाव्या टप्प्यावर २०१३ मध्ये आणलं, पण तिथे हा प्रवास पायरी-पायरीने झाला, आणि प्रत्येक पायरीवर मेकॅनिक शिकत गेला.

मेकॅनिक. हा शब्द लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय.

बीएस-६ टिप्परच्या धुरांड्यात काय काय असतं? थोडक्यात सांगतो. एक काजळीची गाळणी, तिला डीपीएफ म्हणतात. ती काजळी अडवते आणि भरत जाते. भरली की ती आतल्या आत जाळावी लागते, त्यासाठी धुराचं तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत चढवावं लागतं. त्याच्यामागे युरियाचा फवारा, म्हणजे डेफ. साडेबत्तीस टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. तो गरम धुरात गेला की त्याचा अमोनिया होतो आणि नायट्रोजन ऑक्साइडचं साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात रूपांतर होतं. रसायनशास्त्र म्हणून सुंदर आहे. या सगळ्यावर नजर ठेवायला सेन्सर, आणि सेन्सरवर नजर ठेवायला आमच्या जातीच्या माणसाने लिहिलेला कोड.

आता ही गाडी हायवेवर चालली तर मजेत चालते. नागपूरहून रायपूरला भरलेली गाडी निघाली की इंजिन तापलेलं, धूर तापलेला, गाळणी आपोआप साफ होत जाते. पण टिप्पर हायवेवर चालतो का? बिरसीचा टिप्पर मुरमाच्या खाणीपासून साइटपर्यंत सहा-आठ किलोमीटर जातो. खाणीवर रांगेत अर्धा तास उभा, इंजिन चालू. साइटवर पुन्हा उभा. परत येताना रिकामा. धुरांडं कधी तापतच नाही! गाळणी भरते, लाल दिवा लागतो, आणि ड्रायव्हरने गाडी कडेला उभी करून अर्धा-पाऊण तास रेस करून ती जाळायची असते. कंत्राटदार तिकडे फोनवर शिव्या देतोय, मागे चार गाड्या हॉर्न वाजवतायत, तो कशाला थांबतोय? तो बटण दाबून पुढे जातो. दोन-तीनदा असं झालं की मग बटणाने भागत नाही, कंपनीचा लॅपटॉप लागतो.

माझ्या मावसभावाचे दोन टिप्पर आहेत. मागच्या वर्षी त्यातला नवा, २०२१ चा, ऐन सीझनमध्ये बसला. बसला म्हणजे बिघडला नाही. इंजिन ठणठणीत होतं. नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा सेन्सर चुकीचं वाचत होता, आणि सॉफ्टवेअरने ठरवलं की हा माणूस युरियात लबाडी करतोय. मग जोर कमी केला. आधी चढावर दम लागायला लागला, मग भरलेली गाडी रांगायला लागली. सर्व्हिस सेंटर (नाव घेत नाही, सगळ्यांचं सारखंच आहे) दीडशे किलोमीटरच्या पुढे. माणूस पाचव्या दिवशी आला. लॅपटॉप लावला, कोड वाचला, सेन्सर बदलला, काहीतरी अपडेट मारला, गेला. काम तासाभराचं. पाच दिवस गाडी उभी, हप्ता चालू, ड्रायव्हरचा पगार चालू, आणि कंत्राटदाराने तोवर दुसऱ्याची गाडी लावून घेतली.

भाऊ मला फोनवर म्हणाला, "तुमच्या कॉम्प्युटरवाल्यायनंच करून ठेवलं ना बे हे सारं? पहिले गाडी बिघडली त रामटेकेचा पोरगा पान्हा घेऊन ये अन् सुरू करून दे. आता गाडीले पासवर्ड लागते!"

गाडीला पासवर्ड लागतो. यापेक्षा नेमकं मला लिहिता येणार नाही.

लोकांना वाटतं की छोट्या मालकाची तक्रार युरियाच्या खर्चाची आहे. पेपरवालेही तेच लिहितात. अहो, हिशोब करून बघा. डेफ लागतं डिझेलच्या साधारण पाच टक्के. शंभर लिटर डिझेलमागे पाच लिटर, आणि भाव लिटरला डिझेलपेक्षा कमी. त्यात कुणी बुडत नाही. माणूस बुडतो उभ्या गाडीत. टिप्परचा धंदा हा दिवसाला किती फेऱ्या झाल्या याचा धंदा आहे. भाडं ब्रासवर मिळतं. फेरी नाही तर पैसा नाही, आणि बँक फेऱ्या मोजत नाही, तारीख बघते.

मोठ्या कंत्राटदाराला हे लागत नाही. तो एकदम वीस गाड्या घेतो, कंपनीशी देखभालीचा करार करतो, साइटवरच कंपनीचा माणूस बसवतो. एक गाडी उभी राहिली तर एकोणीस चालतात. नियमात कुठेही लिहिलेलं नाही की छोट्याने धंदा सोडावा. पण लॅपटॉप कुणाच्या जवळ आहे यावर ते आपोआप ठरतं. कालचा मालक उद्या त्याच वीस गाड्यांपैकी एकीवर ड्रायव्हर होतो. हे आमच्या पट्ट्यात मी डोळ्यांनी बघतोय.

आता सॉफ्टवेअरवाला म्हणून बोलतो. मी जर ग्राहकाला असा सर्व्हर दिला, जो स्वतःच्या मनाने स्लो होतो, कारण सांगत नाही, ज्याचा लॉग फक्त माझ्या लॅपटॉपवर उघडतो, आणि मी पाच दिवसांनी येतो, तर ग्राहक मला दारात उभं करेल का? सेन्सर खोटं बोलू शकतो हे गृहीत धरून कोड लिहायचा असतो, हे आम्ही फ्रेशरला पहिल्या महिन्यात शिकवतो. इथे सेन्सर मेला तरी शिक्षा गाडीला.

आणि हे फक्त माझं रडगाणं नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये कंपन्यांना सांगितलं, की युरियाच्या यंत्रणेत दोष आला म्हणून गाडीचा जोर अचानक काढून घेणं थांबवा, सॉफ्टवेअर बदला, ड्रायव्हरला दुरुस्तीसाठी पुरेसा वेळ द्या. तिथल्या शेतकऱ्यांनी आणि ट्रकवाल्यांनी आरडाओरडा केला म्हणून झालं. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या अशक्य वगैरे काही नाही. आपल्याकडे ग्राहक मंत्रालयाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मोटारी आणि शेतीची यंत्रं त्यात धरली, डिसेंबरमध्ये पोर्टलही काढलं. पोर्टल! रामटेकेच्या पोराला पोर्टल नको, एरर कोडचा अर्थ आणि तो पुसायचा अधिकार हवा.

युरियाचीही एक गंमत आहे. शेतीचा युरिया ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळतो, सरकारी अनुदानामुळे. साहजिकच कुणाच्या तरी डोक्यात येतं की हाच विरघळवून बादलीत भरावा. पण २०१५ पासून देशातला सगळा शेतीचा युरिया कडुनिंबाचं तेल लावून येतो. ते तेल फवाऱ्याच्या बारीक नळीत आणि उत्प्रेरकावर जाऊन बसलं की झालं कल्याण. बादलीवर मात्र छान स्टिकर असतं. मालक बिचारा नाक्यावरच्या दुकानातून घेतो, पावती घेतो, आणि वॉरंटी नाकारली जाते ती त्याची! दुधातलं पाणी मोजायला आपण डेअरीत यंत्र ठेवतो. डेफची टक्केवारी मोजायचं यंत्र त्याच्याइतकंच साधं आहे, एक थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. त्याने कडुनिंबाचं तेल कळणार नाही, पण पाणी घातलेलं तरी पकडलं जाईल. पंपावर ते ठेवायची सक्ती कुणी करत नाही. (बाजारात हे द्रव्य गायब झालं तर काय होतं ते दक्षिण कोरियाने २०२१ मध्ये बघितलं. चीनने युरियाची निर्यात आवळली आणि तिथे ट्रकवाले बादल्यांसाठी रांगा लावून उभे.)

असो. आता पीयूसी. हा तर विनोदच आहे.

डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे उभ्या गाडीला रेस द्यायची आणि धूर किती काळा आहे ते बघायचं. बस. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजतच नाहीत. ज्या वायूसाठी हा सगळा युरियाचा पसारा मांडला, तो मोजायचं यंत्र पीयूसीच्या टपरीत नाही! म्हणजे ज्याने युरियाची यंत्रणा काढून तिथे खोटे सिग्नल देणारा डबा बसवला, तो पीयूसी छाती काढून पास होतो. आणि ज्याचा सेन्सर खरोखर मेला, तो प्रामाणिक माणूस रस्त्यात अडकतो. फोक्सवॅगनने २०१५ मध्ये काय केलं होतं आठवतंय ना? परीक्षेच्या वेळी गाडी सज्जन, रस्त्यावर मवाली. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या. त्या सॉफ्टवेअरमागे जगातले हुशार इंजिनिअर होते. आपण तर मवाल्याला परीक्षाच सोपी ठेवली आहे. कागद नसला तर मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दहा हजारांपर्यंत.

बरं, नियम सगळ्यांना सारखा तरी आहे का? खाणीवर चला. टिप्परमध्ये मुरूम भरणारी साखळीवरची पोकलेन घ्या. धुराचे जे बांधकाम यंत्रांचे नियम २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये कडक झाले, ते रबरी टायरवरच्या यंत्रांचे. मोटार वाहन नियमांतली व्याख्याच तशी आहे, साखळीवाली त्यात बसत नाही. पुढे बघा, ट्रॅक्टर-ट्रॉली. आमच्याकडे रेती आणि मुरूम ओढणाऱ्या ट्रॉल्या किती आहेत ते वैनगंगेच्या काठी सकाळी पाच वाजता जाऊन मोजा. २०२३ मध्ये ट्रॅक्टरचे नियम बदलले ते ५० अश्वशक्तीच्या वरच्यांसाठी. आपल्याकडे विकला जाणारा बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या खालचा. म्हणजे एकाच खाणीतून, एकाच साइटवर, तोच मुरूम नेणाऱ्या दोघांपैकी एकाच्या धुरांड्यात लाखोंची प्रयोगशाळा, आणि दुसऱ्याचं धुरांडं आभाळाकडे तोंड करून मोकळं. शेतकऱ्याला धानाच्या बांधीत सवलत द्या, शंभर टक्के द्या. पण मुरूम वाहताना तो शेतकरी नसतो, वाहतूकदार असतो, आणि माझ्या भावाचा भाव पाडत असतो.

आणि सगळ्यात वर, वीज. औष्णिक केंद्रांसाठी गंधकाच्या धुराचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले, दोन वर्षांची मुदत होती. मग मुदत वाढली. पुन्हा वाढली. पुन्हा. आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या साधारण ७८ टक्के संचांना त्या यंत्रणेतून सूटच देऊन टाकली. तिरोड्याला आमच्या जिल्ह्यातच ३३०० मेगावॅटचं केंद्र आहे, त्यामुळे हा विषय आमच्यासाठी दिल्लीचा नाही. सूट देताना शास्त्रीय कारणं दिली गेली, त्यावर वाद घालणारे घालोत. मला एवढंच दिसतं की मोठ्याला दहा वर्षं ऐकून घेतलं गेलं आणि ट्रकवाल्याला दोन दिवस मिळाले.

इथे आमच्या वाहतूकदार संघटनांशीही माझं भांडण आहे. त्यांची मागणी ठरलेली: सूट द्या, मुदत द्या, जुन्या गाड्या चालू द्या. अरे पण त्या गाडीच्या मागे सायकलवर शाळेत जाणारी पोरं कुणाची आहेत? रांगेत अर्धा तास धूर खाणारा ड्रायव्हर कुणाचा आहे? सूट मागितली की सरकार खुश होतं, कारण ती द्यायला खर्च नाही, आणि कंपनीही खुश, कारण लॅपटॉप तिच्याकडेच राहतो. मागायचं असेल तर हे मागा, की जी कंपनी गोंदियात टिप्पर विकते तिने कोड वाचायचं साधन आणि माहिती गोंदियाच्या मेकॅनिकला वाजवी किमतीत द्यावी. सेन्सरच्या दोषावर जोर काढण्याआधी ठराविक दिवसांची मुदत सॉफ्टवेअरमध्ये असावी. पीयूसीवाल्याने गाडीच्या संगणकाला तार लावून युरियाची यंत्रणा खरंच चालते का ते बघावं. ट्रॉली भाड्याने मुरूम वाहत असेल तर तिला वाहतूकदाराचा नियम लावावा. आणि आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या पोरांना खऱ्या बीएस-६ इंजिनावर हात काळे करू द्यावेत. यातल्या एकाही गोष्टीने हवेत एक ग्रॅम धूर वाढत नाही, उलट कमी होतो.

माझे पुण्यातले मित्र म्हणतात, जुने ट्रक भंगारात घाला, एवढं काय. (हे म्हणणाऱ्याच्या सोसायटीचं बांधकाम कुठल्या ट्रकने झालं ते विचारू नये.) सरकारचं धोरणही तिकडेच आहे. पंधरा वर्षांवरच्या जड गाडीच्या फिटनेसची फी एप्रिल २०२२ पासून साडेबारा हजार झाली, २०२५ मध्ये जुन्या गाड्यांसाठी आणखी वाढली. महाराष्ट्रात आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पर्यावरण कर २०१० पासून आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, चांगलं झालं, मान्य. पण हे सगळं गाडी घेण्याच्या दिवसापुरतं. घेतल्यानंतरचा चौदाशेवा दिवस, लाल दिवा, खाणीचा चढ, त्याचं काय?

मावसभावाचा दुसरा टिप्पर २०१४ चा आहे. बीएस-३. सकाळी सुरू केला की अंगणात निळा-काळा धूर, मावशी रोज ओरडते. पण त्यात सेन्सर नाही, गाळणी नाही, बादली नाही. बिघडला तर रामटेकेचा पोरगा संध्याकाळपर्यंत सुरू करून देतो. पीयूसी आहे, फिटनेस आहे, कर भरलेला आहे, सगळं कायदेशीर. पंधरा वर्षं व्हायला अजून अवकाश आहे. गेल्या महिन्यात त्याने ठरवलं की एक गाडी काढायची. गिऱ्हाईकही मिळालं, एक मोठा कंत्राटदार, त्याला असलेल्या ताफ्यात भर घालायची होती. त्याने नवी गाडी विकली. मुरूम आता २०१४ वाल्यावर चाललाय.